फ्लूची रॅपिड टेस्ट: रेघ उमटण्याआधी काय काय जमावं लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही तिघं बायोटेक्नॉलॉजीचे एमएस्सी. नाशिकजवळ छोटी लॅब टाकली आहे. फ्लू पंधरा मिनिटांत ओळखणारी, अँटिबॉडीवर चालणारी पट्टी बनवायची आहे. विषाणूच्या पृष्ठभागावर हिमॅग्लुटिनिन नावाचं प्रथिन असतं, तर त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी विकत घेऊन पट्टीवर लावली तर जमेल का? वेळ किती लागेल? आणि आमच्या ओळखीचे डॉक्टर फ्लूच्या रॅपिड टेस्टवर भरवसा ठेवत नाहीत, ते का?"

मी बावीस वर्षं पुण्यात पट्टीवरच्या टेस्ट बनवतो आहे. गरोदरपणाच्या, मलेरियाच्या, डेंग्यूच्या, आणि त्यातली बरीच वर्षं फ्लूच्या. तुमच्या डॉक्टरांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे आणि बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं तिच्या पोटातच आहेत.

त्याआधी एक गोंधळ दूर करू. 'अँटिबॉडीवर चालणारी टेस्ट' म्हटलं की पुष्कळांना वाटतं, रुग्णाच्या रक्तातल्या अँटिबॉडी शोधायच्या. फ्लूच्या निदानाला त्याचा उपयोग नाही. नव्या अँटिबॉडी तयार व्हायला आठवडा-दीड आठवडा जातो, तोवर ताप उतरलेला असतो. शिवाय जुन्या फ्लूच्या अँटिबॉडी बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांच्या रक्तात असतातच. एप्रिल २०२० मध्ये आयसीएमआरने कोविडच्या रॅपिड अँटिबॉडी किटचा वापर थांबवायला सांगितला आणि जूनमध्ये अँटिजेन टेस्ट आली, तेव्हा हा फरक सर्वसामान्यांच्या कानावर पडला. आपण बोलतोय ती अँटिजेन टेस्ट. अँटिबॉडी आपण बनवायच्या आणि त्यांनी रुग्णाच्या नाकातल्या स्वॅबमधलं विषाणूचं प्रथिन, म्हणजे अँटिजेन, पकडायचं. एक अँटिबॉडी पट्टीवर रेघेच्या जागी पक्की लावलेली असते, दुसरी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बसून द्रवाबरोबर वाहते. अँटिजेन दोघींच्या मध्ये अडकलं, म्हणजे सँडविच झालं, की सोन्याचे लाल कण रेघेवर साठतात आणि रेघ दिसते.

आता डॉक्टरांची शंका. ३ ऑगस्ट २००९ ला देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. त्यानंतरचे दिवस ज्यांनी पाहिले त्यांना नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा आठवत असतील. शाळा बंद, थिएटरं बंद, मेडिकलच्या दुकानांत मास्क मिळेनात. खात्रीची तपासणी म्हणजे पीसीआर, विषाणूची जनुकीय तपासणी, आणि राष्ट्रीय विषाणू संस्थेत नमुन्यांचा ढीग लागलेला. आम्हा किटवाल्यांना दिवसभर फोन यायचे, "पंधरा मिनिटांत कळेल असं काही नाही का तुमच्याकडे?" बाजारात परदेशी किट होते. त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या सीडीसीने तीन रॅपिड किट नव्या विषाणूवर तपासून आकडे जाहीर केले. पीसीआरने पॉझिटिव्ह ठरलेल्या नमुन्यांपैकी या किटनी पकडले ४० ते ६९ टक्के. म्हणजे दहा रुग्णांपैकी तीन ते सहा जणांना 'तुम्हाला फ्लू नाही' असं उत्तर मिळालं असतं. त्या काळात कामावर असलेला डॉक्टर हे विसरत नाही, आणि विसरूही नये.

पुढे गाडी सुधारली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात तीन पिढ्यांची तुलना होती. डोळ्यांनी रेघ बघायच्या जुन्या टेस्टची संवेदनशीलता, म्हणजे खऱ्या रुग्णांपैकी पकडलेल्यांचं प्रमाण, फ्लू ए साठी (माणसांतल्या फ्लूचे ए आणि बी हे दोन मुख्य प्रकार) सुमारे ५४ टक्के, छोट्या यंत्राने रेघ वाचणाऱ्या टेस्टची सुमारे ८० टक्के, आणि जनुकीय रॅपिड टेस्टची सुमारे ९२ टक्के. विशिष्टता, म्हणजे फ्लू नसलेल्यांना बरोबर निगेटिव्ह म्हणण्याचं प्रमाण, मात्र तिन्हींची ९८ टक्क्यांच्या वर होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने फ्लूच्या अँटिजेन टेस्टचा वर्ग बदलला आणि अट घातली: पीसीआरशी तुलना करताना संवेदनशीलता किमान ८० टक्के हवी आणि तिच्या विश्वासमर्यादेचं (खरा आकडा ज्या पट्ट्यात असू शकतो त्याचं) खालचं टोक ७० च्या खाली जाता कामा नये. ज्यांना हे जमलं नाही ते किट बाजारातून गेले. तुम्ही भारतात विकणार असलात तरी स्वतःसाठी हीच रेषा आखा, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तुमचं हिमॅग्लुटिनिन. ते पृष्ठभागावर असतं हे खरं, पण विषाणू दरवर्षी वेश बदलतो तो तिथेच. लस दरवर्षी बदलावी लागते ती त्याच्यामुळेच. यंदाच्या एच३एन२ या उपप्रकाराच्या हिमॅग्लुटिनिनवर सुरेख बसणारी अँटिबॉडी दोन वर्षांनी बसेलच असं नाही, आणि एच१ वर ती बहुधा बसणारच नाही. उपप्रकार ओळखायचा असेल तर हिमॅग्लुटिनिन घ्या. 'फ्लू आहे की नाही' एवढंच ठरवायचं असेल तर न्यूक्लिओप्रोटीन घ्या. आम्ही त्याला एनपी म्हणतो. ते विषाणूच्या आत, आरएनएला गुंडाळून बसलेलं असतं, एकेका विषाणूकणात त्याच्या शेकडो प्रती असतात, आणि संसर्ग झालेल्या पेशींत तर ते खच्चून भरलेलं असतं. स्वॅबबरोबर त्या पेशीही येतात. फ्लू ए च्या मानवी विषाणूंमध्ये एनपीची अमिनो आम्लांची साखळी ९० टक्क्यांहून अधिक सारखी असते. फ्लू बी चं एनपी पुरेसं वेगळं असल्याने ए आणि बी साठी दोन वेगळ्या रेघा टाकता येतात. बाजारातल्या जवळपास सगळ्या फ्लू पट्ट्या एनपीवर चालतात ते यामुळे.

एनपी टिकाऊ असलं तरी अचल नाही. २००९ च्या विषाणूचं एनपी डुकरांमधल्या जुन्या वंशातून आलेलं होतं. तेव्हा अँटिबॉडी निवडताना माणसांच्या एच१ आणि एच३ बरोबर डुकरांच्या आणि पक्ष्यांच्या विषाणूंचं एनपीही समोर ठेवा. २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गायींमध्ये एच५एन१ सापडला, तेव्हापासून हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही. तुमची पट्टी फार तर 'फ्लू ए आहे' एवढंच सांगेल. तो साधा हंगामी फ्लू की एच५, हे तिला कळणार नाही. माहितीपत्रकात हे ठळक लिहायचं असतं.

अँटिबॉडी कुठून आणायची? सगळ्यात जुना आणि अजूनही चालणारा रस्ता म्हणजे हायब्रिडोमा. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी तो १९७५ मध्ये केंब्रिजमध्ये दाखवला, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. उंदराला अँटिजेन टोचायचं, त्याच्या प्लीहेतल्या पेशी मायलोमाच्या (कर्करोगाच्या, न थांबता वाढणाऱ्या) पेशींशी जोडायच्या, त्यातून हवी ती अँटिबॉडी देणारी एकेक पेशी वेगळी करून वाढवायची. अशा एका पेशीपासून वाढलेला वंश म्हणजे क्लोन. प्राण्यांवरच्या प्रयोगांची परवानगी, टोचण्याचं वेळापत्रक, फ्यूजन, क्लोनिंग धरून सहा महिने कुठेच गेले नाहीत. फेज डिस्प्ले, म्हणजे जिवाणूंच्या विषाणूंवर अँटिबॉडीचे तुकडे उमटवून त्यातून निवडणं, हा दुसरा रस्ता. त्यात उंदीर टाळता येतो, पण त्यातून निघालेला अँटिबॉडीचा तुकडा पट्टीवर सुकवल्यावर टिकतो का, ते वेगळं तपासावं लागतं. तुमच्या आकाराच्या लॅबने सुरुवातीला क्लोन विकत घ्यावेत. मात्र एक-दोन घेऊन भागत नाही.

इथे एका तपशिलापाशी थांबतो, कारण त्यात आमचे आठ महिने गेले. एनपीचं मूळ कामच आरएनए धरून ठेवण्याचं. ते ई. कोलाय जिवाणूत तयार केलं की तिथे जे आरएनए सापडेल त्याला ते चिकटतं. तुम्ही स्तंभातून शुद्ध करून आणता, जेलवर ५६ किलोडाल्टनच्या जागी छान एकच पट्टा दिसतो आणि तुम्ही खूश होता. तेच प्रथिन २६० आणि २८० नॅनोमीटरच्या प्रकाशात मोजलं (पहिला आरएनए जास्त शोषतं, दुसरा प्रथिन) तर कळतं, की अर्धा माल आरएनएचा आहे. आमच्या पहिल्या उंदरांना असंच टोचलं गेलं. क्लोन निघाले, एलायझात (प्लेटच्या खळग्यांत करायच्या अँटिबॉडी चाचणीत) चमकले, आणि खऱ्या रुग्णाच्या स्वॅबवर गप्प बसले, कारण विषाणूतल्या एनपीचा जो चेहरा बाहेर असतो तो त्यांनी पाहिलाच नव्हता. पुढच्या खेपेला आरएनए तोडणारं आरएनएज हे विकर घातलं, मिठाचं प्रमाण वाढवून धुतलं, आणि क्लोन निवडताना पहिल्या दिवसापासून निष्क्रिय केलेला पूर्ण विषाणू वापरला. विकत घेतलेल्या क्लोनलाही हीच कसोटी लावा. विक्रेत्याच्या कागदावर 'एलायझात चालते' एवढंच लिहिलेलं असेल तर ते तुमच्या कामाचं नाही.

एलायझात चालणारी अँटिबॉडी पट्टीवर का फसते, हे एकदा हिशोबाने बघा. एलायझात अँटिजेन आणि अँटिबॉडी तासभर एकत्र बसतात. पट्टीवर द्रव ४ सेंटीमीटर चढायला समजा १२० सेकंद घेतो. रेघ साधारण १ मिलिमीटर रुंद. म्हणजे अँटिजेनचा एखादा रेणू रेघेवरून जातो तो फक्त तीनेक सेकंदांत. तेवढ्यात धरला तर धरला, नाही तर तो वरच्या शोषक पॅडमध्ये गेला. म्हणून पट्टीसाठी पटकन पकडणारी अँटिबॉडी लागते. एकदा पकडल्यावर किती तास सोडत नाही, हा गुण इथे दुय्यम. रेघेवर लावायची अँटिबॉडी तर या बाबतीत अव्वलच हवी. सोन्याच्या कणांवर बसलेल्या दुसरीला थोडी सवलत असते, कारण ती अँटिजेनबरोबरच प्रवास करते.

आणि त्या दोघींची जोडी जमायला हवी. एकीने एनपीची जी जागा धरली तीच दुसरीला हवी असेल तर सँडविच होतच नाही. जोडी कागदावर ठरत नाही. सहा क्लोन घेतलेत तर प्रत्येकाला एकदा रेघेवर आणि एकदा सोन्यावर ठेवून छत्तीस जोड्या तपासा. छत्तीसमध्ये प्रत्येक क्लोनची स्वतःशीच जोडीही आली. ती मुद्दाम ठेवा, कारण एनपी समूहाने राहणारं प्रथिन आहे, एकच जागा त्यात अनेकदा येते. एका प्रोजेक्टमध्ये आमच्या पहिल्या तीन जोड्यांत अशी एक होती.

आता सोनं. चाळीस नॅनोमीटरचे कण पाण्यात असतात तेव्हा रंग गर्द लाल, डाळिंबाच्या रसासारखा. त्यावर अँटिबॉडी चढवताना पीएच आणि अँटिबॉडीचं प्रमाण ठरवायचं असतं. दहा छोट्या नळ्या घ्या, प्रत्येकीत तेवढंच सोनं, अँटिबॉडी मात्र चढत्या प्रमाणात. दहा मिनिटं थांबा. मग प्रत्येक नळीत दहा टक्के मिठाचं पाणी घाला. ज्या नळीत कणांवर पुरेसं आवरण चढलेलं नाही ती तुमच्या डोळ्यांदेखत जांभळी होते, मग निळसर राखाडी. ज्या नळीपासून लाल रंग टिकतो, त्या प्रमाणाच्या थोडं वर राहायचं. नव्या मुलांना मी हा प्रयोग पहिल्याच आठवड्यात करायला लावतो, आणि एकदा नाही, वेगवेगळ्या पीएचला पाच वेळा. यंत्रं पुष्कळ काही सांगतात. पण नळीतला लाल रंग जांभळा होताना पाहिलेला माणूस पुढे बॅच बिघडली की कारण कुठे शोधायचं ते जाणतो.

खोट्या पॉझिटिव्हचा एक किस्सा सांगतो, कारण तो फ्लूच्या पट्टीलाच लागू आहे. एका कंपनीत असताना आमची पट्टी बफरवर स्वच्छ, इतर विषाणूंवर स्वच्छ. आरएसव्ही, ॲडिनो, ऱ्हायनो, पॅराइन्फ्लुएंझा, सगळे पार. मग आम्ही लॅबमधल्या ठणठणीत लोकांचे स्वॅब घेतले, आणि चौथ्या की पाचव्या माणसाला फिकट रेघ. दुसऱ्या दिवशी त्यालाच पुन्हा रेघ. पीसीआर साफ निगेटिव्ह. कुणी म्हणालं स्वॅब खराब, कुणी म्हणालं मेंब्रेनची, म्हणजे द्रव ज्यावरून चढतो त्या पडद्याची, बॅच. शेवटी मायक्रोबायोलॉजीतल्या बाईंनी त्या स्वॅबचं कल्चर लावलं: स्टॅफिलोकोकस ऑरियस, भरपूर. या जिवाणूच्या अंगावर प्रोटीन ए असतं आणि ते अँटिबॉडीचं शेपूट पकडतं. सोन्यावरच्या अँटिबॉडीला एका बाजूने धरलं, रेघेवरच्या अँटिबॉडीला दुसऱ्या बाजूने, की विषाणूशिवाय सँडविच तयार. मोठ्या माणसांपैकी साधारण चौथ्या हिश्श्याच्या नाकात हा जिवाणू काही त्रास न देता राहतो, म्हणजे ही अपवादातली गोष्ट नाही. आमचा एक क्लोन उंदराच्या आयजीजी२ए प्रकारची अँटिबॉडी देणारा होता, त्याला प्रोटीन ए घट्ट धरतं. आयजीजी१ प्रकाराला ते बरंच सैल धरतं. आम्ही क्लोन बदलला, बफरमध्ये उंदराची साधी अँटिबॉडी (आयजीजी) घातली, आणि रेघ गेली. म्हणून क्लोन विकत घेताना त्याचा आयसोटाइप, म्हणजे अँटिबॉडीचा हा प्रकार, विचारा. आणि निरोगी माणसांची नाकं तपासल्याशिवाय 'आमची विशिष्टता ९९ टक्के' असं कुणालाही सांगू नका.

बफरबद्दल एवढंच: एनपी आत असल्याने विषाणूचं वेष्टण फोडायला डिटर्जंट लागतंच. कमी पडलं तर एनपी बाहेर येत नाही, जास्त झालं तर अँटिबॉडीची पकड ढिली होते आणि पट्टीवर द्रव वेडावाकडा धावतो. शेंबूड पातळ करायचा, पीएच धरून ठेवायचा, तळाचा लाल डाग टाळायचा, ही सगळी कामं तोच बफर करतो. यात तयार पाककृती नसते. तुमच्या जोडीसाठी तुमचा बफर तुम्हालाच बसवावा लागतो.

स्वॅबवर मात्र जरा रेंगाळतो. पट्टी कितीही चांगली असली तरी नाकातून जे आलंच नाही ते ती दाखवू शकत नाही. फ्लूमध्ये विषाणूचं प्रमाण लक्षणं सुरू झाल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असतं, मग घसरतं. लहान मुलांच्या नाकात ते मोठ्यांपेक्षा जास्त आणि जास्त दिवस असतं, म्हणून त्याच किटची संवेदनशीलता मुलांमध्ये बरी दिसते. पाचव्या दिवशी आलेल्या सत्तर वर्षांच्या आजोबांच्या निगेटिव्ह रेघेवरून काहीही ठरवू नये. आणि इथे कंट्रोल रेघेबद्दल, म्हणजे निकालाच्या रेघेच्या वर उमटणाऱ्या दुसऱ्या रेघेबद्दल, सांगायलाच हवं. कंट्रोल रेघ आली म्हणजे टेस्ट नीट झाली, असं सगळे धरून चालतात. ती रेघ एवढंच सांगते, की द्रव वरपर्यंत पोचला आणि सोन्यावरची अँटिबॉडी शाबूत आहे. नुसता बफर टाकला तरी ती येते. स्वॅब नाकात दोन सेंटीमीटर गेला होता की फक्त नाकपुडीला शिवून आला, हे तिला माहीत नसतं. नर्सताईंच्या प्रशिक्षणाला मी दरवेळी हे प्रत्यक्ष करून दाखवतो: कोरा स्वॅब, बफर, पट्टी, आणि ठसठशीत कंट्रोल रेघ.

व्हॅलिडेशनमध्ये, म्हणजे खऱ्या नमुन्यांवर किटची परीक्षा घेताना, दोन दिशांनी फसगत होते. एखाद्या लॅबकडून तुम्ही उरलेले नमुने मागता, ते बहुधा ३ मिलिलिटर व्हीटीएममध्ये (नमुना वाहून नेण्याच्या द्रवात) असतात. तुमच्या किटमध्ये तोच स्वॅब ०.४ मिलिलिटर बफरमध्ये पिळला जाणार आहे. म्हणजे तुम्ही साडेसात पट पातळ नमुन्यावर स्वतःची परीक्षा घेत आहात, आणि वर फ्रीझरमध्ये गोठवून वितळवण्याचा मार वेगळा. उलट, फक्त सीटी २५ च्या आतले (सीटी हा पीसीआरचा आकडा, जितका कमी तितका विषाणू जास्त), विषाणूने भरलेले नमुने निवडले तर कुठलीही पट्टी ९५ टक्के दाखवते. ही दुसरी चूक अनेकदा जाणूनबुजून होते. मला त्याचा मनापासून राग येतो, कारण तो आकडा वाचून एखादा डॉक्टर गरोदर बाईला ऑसेल्टामिविर हे फ्लूचं औषध देत नाही. ते औषध पहिल्या ४८ तासांत दिलं तर सर्वांत उपयोगी पडतं. नमुने सलग घ्या: ओपीडीत ताप-खोकल्याचा जो येईल तो, सीटी काहीही असो, आणि अहवालात सीटीप्रमाणे वेगवेगळे आकडे द्या.

किती नमुने? ४० पॉझिटिव्हपैकी ३२ पकडले तर ८० टक्के झाले, पण ९५ टक्के विश्वासमर्यादेचं खालचं टोक ६५ च्या आसपास जातं. १०० पैकी ८० पकडले तर टक्केवारी तीच, खालचं टोक मात्र ७१ वर येतं. म्हणून शंभरेक खरे पॉझिटिव्ह हवेत, आणि ते ए साठी वेगळे, बी साठी वेगळे. बी मिळवणं जास्त जिकिरीचं. त्यातल्या यामागाता वंशाचा विषाणू तर मार्च २०२० नंतर खात्रीने कुठे सापडलेलाच नाही.

तुमच्या डॉक्टरांशी बोलताना एक आकडेमोड जवळ ठेवा. संवेदनशीलता ६० टक्के, विशिष्टता ९८ टक्के अशी जुन्या पद्धतीची पट्टी घ्या. हंगाम भरात आहे, तापाच्या १,००० रुग्णांपैकी ३०० जणांना खरंच फ्लू आहे. पट्टी १८० पकडते, १२० सोडते, आणि फ्लू नसलेल्या ७०० पैकी १४ जणांना उगाच पॉझिटिव्ह म्हणते. पॉझिटिव्ह आलेल्या १९४ मध्ये १८० खरे, म्हणजे ९३ टक्के. पॉझिटिव्हवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आता तीच पट्टी एप्रिल-मेच्या कोरड्या दिवसांत वापरा, जेव्हा १,००० पैकी फक्त २० जणांना फ्लू आहे. पट्टी १२ पकडते आणि ९८० पैकी साधारण २० जणांना चुकीचं पॉझिटिव्ह ठरवते. आता पॉझिटिव्हमध्येही खरे कमी आणि खोटे जास्त. पट्टी तीच, कारखाना तोच, अर्थ मात्र उलटा. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, आणि छोटा जोर जानेवारी ते मार्च. अमेरिकन किटच्या पत्रकात 'डिसेंबर-फेब्रुवारी' वाचून आपल्याकडे हिशोब करू नये. निगेटिव्हचं म्हणाल तर भर हंगामात त्या ८०६ निगेटिव्हपैकी १२० जणांना फ्लू असतो. धोक्यातला रुग्ण असेल तर औषध थांबवायचं नाही आणि नमुना पीसीआरला पाठवायचा. आरोग्य मंत्रालयाच्या फ्लूच्या रुग्णांच्या ए, बी, सी वर्गवारीतही सौम्य रुग्णाची तपासणी आवश्यक धरलेली नाही आणि उपचाराचा निर्णय लक्षणांवर आणि धोक्यावर आहे. तुमच्या किटने ती शिस्त मोडता कामा नये.

एक छोटी नोंद: नाकात फवारायची जिवंत फ्लू लस घेतलेल्याची टेस्ट पुढचे काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. सिरम इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये अशी लस आणली होती. रुग्णाला विचारण्याच्या प्रश्नांत हा एक घाला. आणि टोचायच्या लसीची कुपी आणून तिला एनपीचं प्रमाणित द्रावण समजू नका. लसीत मोजलेलं असतं ते हिमॅग्लुटिनिन. एनपी त्यात किती आहे याची हमी कुणी दिलेली नसते.

शेवटी हवा. आमची एक पट्टी पुण्यात, वातानुकूलित खोलीत, उत्तम चालत होती. जुलैमध्ये कोकणातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात नेली. दुपारनंतरच्या टेस्टमध्ये पट्टीची पार्श्वभूमी गुलाबी, द्रव अर्ध्यात अडकलेला. आम्ही दोन दिवस बफर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी आठला जाऊन उभा राहिलो तेव्हा दिसलं: गर्दीत वेळ वाचावा म्हणून सिस्टरांनी पंचवीस पाकिटं आधीच फोडून ट्रेमध्ये मांडून ठेवली होती. बाहेर संततधार, खिडक्या उघड्या. सोन्याचं पॅड साखरेत सुकवलेलं असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. चूक सिस्टरांची नव्हती. पाकिटावर 'फोडल्यावर लगेच वापरा' हे आम्ही बारीक इंग्रजीत, मागच्या बाजूला छापलं होतं. पुढच्या बॅचला ते मोठ्या मराठी अक्षरांत समोर आलं आणि सिलिका जेलची पुडी मोठी केली. तुमच्या स्थिरतेच्या चाचण्यांत ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेचं कपाट असेलच. त्यात बंद पाकिटांबरोबर उघडी पट्टीही एक, दोन आणि चार तास ठेवून बघा. विदर्भातल्या मे महिन्याचाही विचार करा. डब्यावर '२ ते ३० अंश' लिहून कुरिअरच्या गाडीतलं तापमान कमी होत नाही.

वेळेचं सांगतो. क्लोन विकत घेऊन, जोड्या तपासून हातात बरी पट्टी यायला आठ-दहा महिने. स्थिरता, तीन सलग बॅच, आयएसओ १३४८५ या गुणवत्ता मानकाची कागदपत्रं, वैद्यकीय उपकरण नियम २०१७ खालचा परवाना आणि खरं व्हॅलिडेशन धरलं तर दोन ते अडीच वर्षं. सहा महिन्यांत करून देतो म्हणणारा बहुधा बाहेरून पट्ट्यांचे न कापलेले तयार तक्ते आणून इथे कापणार आणि डब्यात भरणार आहे. तो व्यवसाय वेगळा, आणि त्यात अँटिबॉडी कुठली, आयसोटाइप कुठला, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

तुम्ही सुरुवात अशी करा. एनपी ए चे सहा क्लोन, शक्य तितके आयजीजी१, किमान तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून, प्रत्येकी कमीत कमी मालाचे. निष्क्रिय केलेला एच१एन१ आणि एच३एन२ चा पूर्ण विषाणू. छत्तीस जोड्या आधी बफरमध्ये, मग लॅबमधल्या तुम्हा तिघांसकट वीस निरोगी माणसांच्या स्वॅबवर. बी ला इतक्यात हात लावू नका. पावसाळ्यातले सलग नमुने हवे असतील तर ज्या हॉस्पिटलशी बोलायचं आहे त्यांच्या नैतिक समितीकडे अर्ज जानेवारीतच द्या. समितीच्या बैठका, दुरुस्त्या, संमतिपत्रकाचं मराठी भाषांतर यात मे उजाडतो. छत्तीस जोड्यांचा तक्ता तयार झाला की मला पाठवा, रेघांच्या फोटोंसह, आणि ज्या जोड्या चालल्या नाहीत त्यांचेही फोटो त्यात ठेवा.